विषुववृत्त ओलांडण्याचा सोहळा व्हावा, पण ते ओलांडताना व्हावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सिंगापूरहून बालीकडे जाणाऱ्या क्रूझ जहाजांवर विषुववृत्त ओलांडल्याचा जो सोहळा केला जातो, त्याविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात नुकतीच दोन मते वाचली. एका वाचकांना तो पाश्चात्त्यांचा पोरखेळ वाटला, तर दुसऱ्यांनी सहलीतील सर्वांत आनंदाचा तास म्हणून त्याचे वर्णन केले. मी नाशिक जिल्ह्यातील शाळांमध्ये आयुष्यभर भूगोल शिकवला आणि यंदाच्या जानेवारीत नाशिकच्याच एका गटाबरोबर, पत्नीसह, तशा जहाजावर होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. हा सोहळा टिकावा आणि आहे त्यापेक्षा चांगला व्हावा, असे माझे मत आहे. मात्र ज्या गोष्टीचा तो सोहळा, ती गोष्टच आज त्यातून निसटते आहे. ती परत आणणे सहल आयोजकांच्या, जहाजावरील व्यवस्थापनाच्या आणि आपणा प्रवाशांच्या हाती आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे वर्णन करतो. सकाळी अकराच्या सुमारास पोहण्याच्या तलावाभोवतीच्या डेकवर सगळे प्रवासी जमतात. दाढी, मुकुट आणि हातात त्रिशूळ अशा वेशात रोमन लोकांचा समुद्रदेव नेपच्यून येतो. बरोबर त्याची राणी, न्हावी, वैद्य आणि शिपाई असा दरबार असतो. पहिल्यांदाच विषुववृत्त ओलांडणाऱ्यांना खलाशांच्या बोलीत ‘पॉलीवॉग’ म्हणतात आणि पूर्वी ओलांडलेल्यांना ‘शेलबॅक’. नवख्यांवर दरबारात गमतीचे आरोप ठेवले जातात, मग तोंडाला फेस फासून लाकडी वस्तऱ्याने दाढी करण्याचे नाटक होते, एका मोठ्या माशाचे चुंबन घ्यायला लावतात, अंगावर रंगीत पाक आणि शिजवलेल्या शेवया ओततात आणि शेवटी तलावात उडी मारायला सांगतात. त्यानंतर कप्तानाच्या सहीचे प्रमाणपत्र मिळते. वातावरण आनंदाचे असते, लहान मुले तर दिवसभर त्याच्याविषयी बोलत राहतात.

आता मला खटकलेली गोष्ट सांगतो. आमच्या जहाजाने विषुववृत्त ओलांडले ते आदल्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास. त्या वेळी ना भोंगा वाजला, ना ध्वनिक्षेपकावरून एखादे वाक्य ऐकू आले. सिंगापूर हे विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या १३७ किलोमीटरवर आहे, त्यामुळे संध्याकाळी बंदर सोडलेले जहाज पहाटेच्या आत दक्षिण गोलार्धात पोहोचणार हे उघड होते. तरीही आमच्या गटातील बहुतेकांना ते दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर कळले. केबिनमधील टीव्हीवर जहाजाची स्थिती दाखवणारी एक वाहिनी असते. ती पाहत मी आणि आमच्यातील काही मंडळी जागे राहिलो. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर, हे वर्गात मी अनेकदा फळ्यावर लिहिले होते. पण पडद्यावर ते मिनिट एकेक करून कमी होताना पाहणे ही वेगळीच गोष्ट होती. शेवटची काही मिनिटे उरली तेव्हा आम्ही वरच्या डेकवर गेलो. समुद्र शांत होता, आकाशात ढग होते, पण त्यांच्यामध्ये मोकळ्या जागाही होत्या.

त्या रात्री डेकवर जे पाहता आले, ते प्रत्येक प्रवाशाने पाहावे अशी माझी तळमळ आहे. नाशिक शहरातून २० अंश उत्तर अक्षवृत्त जाते. म्हणून आपल्याकडून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे २० अंश उंचीवर दिसतो. दक्षिणेकडे जाऊ तसा तो खाली खाली येतो आणि विषुववृत्तावर क्षितिजाला टेकतो, म्हणजे व्यवहारात दिसेनासाच होतो. ज्या ताऱ्याला आपण अढळ म्हणतो, त्याच्या उंचीवरून आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे शतकानुशतके दर्यावर्दी लोकांनी ओळखले. दुसऱ्या बाजूला, नाशिकहून जो अगस्त्याचा तारा दक्षिणेकडे जेमतेम १७ अंशांपर्यंत चढतो, तो तिथे ३७ अंशांपर्यंत चढतो. पंचवटीत राहण्याचा सल्ला रामाला ज्या अगस्त्य ऋषींनी दिला, आणि ज्यांनी समुद्र प्राशन केल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, त्यांच्या नावाचा तारा भर समुद्रात इतका वर आलेला पाहताना आमच्या गटातील एका गृहस्थांनी हात जोडले. आणि मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे जवळजवळ थेट डोक्यावर होते, कारण ते तारे आकाशातील विषुववृत्तालगतच आहेत. ज्या मृगाच्या नावाने आपला शेतकरी जूनमध्ये आभाळाकडे पाहतो, तोच हा मृग. विषुववृत्त समुद्रावर दिसत नाही हे खरे, पण आकाशात ते इतके स्पष्ट वाचता येते. हे सांगायला जहाजावर एका जाणकार माणसाची आणि पंधरा मिनिटांची गरज होती.

हा सोहळा परकीय आणि अर्थहीन आहे, या मताविषयी. त्याचा जन्म युरोपीय खलाशांमध्ये झाला आणि तो निदान कित्येक शतके जुना आहे, यात शंका नाही. पण त्यामागे चैन नव्हती. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे एकत्र येतात, हवा वर चढते आणि समुद्राच्या पृष्ठभागावर वारा पडून राहतो. शिडाचे जहाज त्या शांत पट्ट्यात अडकले की दिवसेंदिवस, कधी आठवडेही, जागचे हलत नसे; प्यायचे पाणी संपत येई, माणसे आजारी पडत. अशा पट्ट्यात शिरताना नवा खलाशी टिकेल की नाही याची परीक्षा घेणे आणि मनावरचे दडपण हसून हलके करणे, हा त्या विधीचा मूळ हेतू होता. १७६८ च्या ऑक्टोबरमध्ये कॅप्टन कुक यांच्या ‘एन्डेव्हर’ जहाजाने विषुववृत्त ओलांडले तेव्हा नवख्यांना दोरीने वर टांगून समुद्रात बुचकळून काढण्यात आले होते. ज्यांना ते नको असेल त्यांनी आपल्या वाट्याची दारू दंड म्हणून द्यावी, असा नियम होता, आणि जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी ब्रँडी देऊन स्वतःची व आपल्या माणसांची सुटका करून घेतली. १८३२ च्या फेब्रुवारीत ‘बीगल’ जहाजावर चार्ल्स डार्विन यांच्यावर हीच पाळी आली. त्यांना २३ वर्षे पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता. डोळे बांधून, तोंडाला डांबर आणि रंग फासून, लोखंडी पट्टीने ते खरवडून, पाण्याने भरलेल्या शिडाच्या कापडात त्यांना लोटण्यात आले. क्रूझवरचा फेस आणि लाकडी वस्तरा हे त्याच विधीचे सौम्य रूप आहे. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला तो पोरखेळ वाटणार नाही.

शिवाय समुद्रापुढे नम्र होण्याची रीत आपल्याला नवीन नाही. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव परंपरेप्रमाणे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून नव्या हंगामात होडी लोटत नाहीत. परंपरांचे देव वेगळे आहेत, पण पाण्यावर पोट असणाऱ्यांच्या मनातील भाव तोच आहे. आमच्या जहाजावरील सेवकवर्गात रत्नागिरीकडचा एक तरुण होता. पूर्वी तो मालवाहू जहाजावर काम करत असताना त्याने पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडले, आणि त्याचे प्रमाणपत्र तो आजही आपल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये जपून ठेवतो, कारण ते दाखवता आले नाही तर पुढच्या जहाजावरचे सहकारी सगळा विधी पुन्हा करायला लावतात. त्याने हे सांगितले तेव्हा त्याच्या बोलण्यात अभिमान होता. नौदलातील दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, आणि २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ या नौकेवरील सहा महिला अधिकाऱ्यांनी मिळून तशीच प्रदक्षिणा केली. अशा प्रदक्षिणेला मान्यता मिळण्यासाठी विषुववृत्त दोनदा ओलांडावेच लागते. तेव्हा ही रेषा केवळ परकीयांच्या उत्सवाची राहिलेली नाही.

नाशिकच्या वाचकांना तर मी आणखी एका गोष्टीची आठवण करून देईन. समुद्रपर्यटन हे पाप मानले जात होते त्या काळात ते पाप धुण्यासाठी लोक आपल्या गोदावरीवर येत. १८९१ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले तेव्हा, समुद्र ओलांडल्याबद्दल जातीने टाकलेला बहिष्कार उठावा म्हणून, थोरल्या बंधूंनी त्यांना राजकोटला नेण्याआधी नाशिकला आणून नदीत स्नान घडवले, ही हकिकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, ते दक्षिण आफ्रिकेला निघाले. मुंबईहून सुटलेल्या त्यांच्या जहाजाने पहिला थांबा घेतला तो पूर्व आफ्रिकेतील लामू बंदरावर, आणि लामू विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे दोन अंशांवर आहे. म्हणजे त्या प्रवासात त्यांनी ही रेषा ओलांडली होती. आज त्याच गोदाकाठच्या शहरातून आजी-आजोबा नातवंडांना घेऊन उत्साहाने समुद्रावर जातात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आणि ज्यांच्यासाठी कुणी सोहळा केला नाही त्यांचीही आठवण त्या डेकवर व्हायला हवी. १८३४ पासून पुढे सुमारे नऊ दशकांच्या काळात जवळजवळ पाच लाख गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषक, विशेषतः कोकणातील लोक, होते. पोर्ट लुईमधील ज्या ठिकाणी ते उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे, म्हणजे नाशिक जितके उत्तरेला, जवळजवळ तितकेच ते दक्षिणेला. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी गेलेल्या त्या माणसांनी जहाजाच्या पोटात दाटीवाटीने बसून ही रेषा ओलांडली, आणि आपण कोणती रेषा ओलांडली हे त्यांना सांगायला कुणी नव्हते. त्यांच्या वंशजांनी तिकडे गणेशोत्सव जपला, आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. आमच्या कार्यक्रमात संगीताचा आवाज इतका होता की या गोष्टी कुणाला सांगणे शक्यच नव्हते. मी ते नंतर जेवणाच्या टेबलावर गटातील मंडळींना सांगितले, तेव्हा लहानथोर सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकले. लोकांना हे ऐकायचे असते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या रोजच्या जगण्याशी या रेषेचा संबंध किती जवळचा आहे, हेही त्या निमित्ताने सांगता येते. मे-जूनमध्ये मादागास्करच्या पूर्वेकडील दक्षिण हिंदी महासागरावर हवेच्या जास्त दाबाचे क्षेत्र तयार होते. तेथून निघणारे आग्नेय व्यापारी वारे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन अरबी समुद्रावरील बाष्पासह सह्याद्रीवर येऊन आदळतात. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या डोंगरांवर कोसळणारा पाऊस, गंगापूर धरणात साठणारे पाणी, आणि दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागले यावरून आपण ज्याची उंची सांगतो तो गोदावरीचा पूर, हे सगळे ती रेषा ओलांडून आलेल्या वाऱ्यांचे देणे आहे. म्हणून नाशिकच्या माणसाने तिच्यावर पोहोचल्यावर दोन क्षण थांबून कृतज्ञता व्यक्त करावी, असे मला वाटते. विषुववृत्ताच्या एका बाजूला बेसिनमधील पाणी उलटे आणि दुसऱ्या बाजूला सुलटे फिरते, ही मात्र चुकीची समजूत आहे. इतक्या लहान भांड्यात पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम दिसत नाही. भांड्याचा आकार आणि पाणी ओतण्याची पद्धत यांवरच ते ठरते. आमच्या जहाजावर ही चुकीची माहिती माइकवरून दिली गेली आणि मुलांनी ती खरी मानली, याचे शिक्षक म्हणून मला वाईट वाटले.

याहून गंभीर आक्षेप सक्तीविषयी आहे. आमच्या गटातील एक वयस्क आजी बाजूला खुर्चीवर बसून कौतुकाने पाहत होत्या. आमच्या सहल संस्थेच्या प्रतिनिधीने माइकवरून त्यांचे नाव पुकारले, हात धरून पुढे नेले आणि त्या नको म्हणत असतानाही माशाजवळ उभे केले. त्या जन्मभर शाकाहारी आहेत. टाळ्या वाजत होत्या, मोबाइल वर झाले होते, आणि त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी होते. पुढचे दोन दिवस त्या जेवणाच्या सभागृहात नीट जेवल्या नाहीत. दीडशे-दोनशे माणसांसमोर एखाद्याला नकार देणे अवघड होते, हे ओळखूनच नाव पुकारण्याआधी विचारले पाहिजे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या खडतर जहाजावरसुद्धा नको म्हणणाऱ्याला दंड भरून बाजूला होण्याची सोय होती; पैसे मोजून सहलीला आलेल्या ज्येष्ठ नागरिकाला ती नसावी, हे मान्य होण्यासारखे नाही. ओल्या आणि निसरड्या डेकवर साठीपुढच्या लोकांना पळायला लावणे व पोहता न येणाऱ्याला पाण्यात उतरवणे धोक्याचे आहे, हेही वेगळे सांगायला नको. अन्नाचा वापर तर ताबडतोब थांबला पाहिजे. ताटातील घास टाकू नये असे संस्कार असलेल्या घरांतली मुले शिजवलेल्या शेवया एकमेकांच्या डोक्यावर ओतताना पाहून आमच्यापैकी अनेकांना अस्वस्थ वाटले. फेस आणि पाणी एवढे त्यासाठी पुरेसे आहे. माशाच्या जागी लाकडी मासा ठेवला तर सोहळ्यात काहीही कमी होणार नाही.

नाशिकमधून गट घेऊन जाणाऱ्या आयोजकांना माझी विनंती अशी आहे की, जहाजावर चढण्याआधी त्यांनी कंपनीला लेखी विचारून घ्यावे की विषुववृत्त नेमके केव्हा ओलांडले जाणार आहे, आणि त्या वेळी, मग ती रात्रीची वेळ असली तरी, ज्यांची इच्छा असेल त्यांना डेकवर एकत्र करावे. कप्तानाने त्या क्षणी भोंगा वाजवावा आणि जहाजाची स्थिती सांगावी, अशी मागणी गटाच्या वतीने केली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही. प्रमाणपत्रावर ‘विषुववृत्त ओलांडले’ इतकेच न छापता तारीख, वेळ आणि रेखांश लिहून घ्यावेत. त्यामुळे नातवंडांना पुढे कधी नकाशावर ते ठिकाण बोट ठेवून दाखवता येईल. दुसऱ्या दिवशीचा नेपच्यूनचा दरबार अवश्य भरावा, त्यात ज्याला हौस आहे त्याने भाग घ्यावा आणि ज्याला पाहायचे आहे त्याला स्वस्थ पाहू द्यावे. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझ विषुववृत्तापर्यंत पोहोचत नाहीत. तरी त्या सहलींच्या जाहिरातींत नेपच्यूनच्या दरबाराची छायाचित्रे वापरली जात असतील तर ग्राहकांनी त्याबाबत आधी विचारून खात्री करून घ्यावी.

एक मागणी आपल्या महानगरपालिकेकडेही आहे. मध्य प्रदेशात महामार्गावर कर्कवृत्त जेथून जाते तेथे फलक उभारले आहेत आणि प्रवासी तेथे आवर्जून थांबतात. २० अंश उत्तर अक्षवृत्त आपल्या शहरातून जाते, त्या रेषेवर एखाद्या उद्यानात किंवा रस्त्याच्या कडेला एक साधा दगड बसवावा. त्यावर अक्षांश लिहावा आणि येथून सरळ दक्षिणेस सुमारे १२०० सागरी मैलांवर, म्हणजे २२०० किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर, विषुववृत्त आहे अशी नोंद करावी. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो व उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. त्या दिवशी शाळांना तेथे मुले घेऊन जाता येतील.

सहलीला निघणाऱ्यांसाठी विषुववृत्त, त्यावरील आकाश आणि हा सोहळा यांची माहिती देणारा दोन पानांचा मजकूर मी मराठीत तयार केला आहे. नाशिकमधील ज्या आयोजकांना तो प्रवाशांना वाटण्यासाठी हवा असेल त्यांना मी तो विनामूल्य देईन. त्यांनी आपल्या कार्यालयाशी संपर्क साधल्यास माझा पत्ता त्यांना कळवण्यास माझी हरकत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक